उन्हात बसवलेले आबा

आमच्या घरात छापलेल्या शब्दाला फार मान होता. माझे वडील, आबा, अमळनेरच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. मोर्चांची, सभांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं त्यांच्या हातून जात, आणि उरलेल्या प्रती घरी येत. मी त्यांवरच वाचायला शिकले. कॉलेजात गेल्यावर मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहू लागले आणि आबा ती जुळवू लागले.

त्यांच्या कमरेवर, मांड्यांवर लालसर चट्टे होते. सात-आठ वर्षं आम्ही गजकर्ण समजून मलमं लावली. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी कातडीत घर केलं होतं.

"पहिल्या पायरीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "उजेडाने मागे हटवता येतो. पण पाळी चुकवायची नाही."

उजेड म्हणजे माणूस उभा राहील एवढं कपाट, आत उभ्या नळ्या, जांभळट प्रकाश. आठवड्यातून तीनदा. त्याच्या दोन तास आधी गोळ्या घ्यायच्या, त्याने कातडी उजेडाला हळवी होते. मग काळा चष्मा लावून उघड्या अंगाने आत जायचं. बाहेर आल्यावर दिवसभर उन्हापासून जपायचं.

त्या दिवशी आमचा रास्ता रोको होता. एसटीच्या भाडेवाढीविरुद्ध, धुळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर, अकरा वाजता. पत्रक माझं होतं: 'एकही गाडी पुढे जाणार नाही, मंत्र्याची असो की मामाची.' आबांची पाळी दहाची. त्यांना दवाखान्यात सोडून मी फाट्यावर परत येणार होते. आठ वाजता त्यांनी बसमध्येच गोळ्या घेतल्या.

पोलीस येणार अशी कुणकुण लागल्याने पोरांनी साडेनऊलाच रस्ता अडवला. आमच्या पुढे दोन ट्रक होते, आणि त्यापुढे माझेच सोबती मांडी घालून बसले होते. मी उतरून पळत गेले. सगळं ऐकून घेऊन आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, सोडायची का बस? तू म्हणशील तसं."

बसमधून एक म्हातारी ओरडली, "आम्हले बी कामं शेत ना, बाई." कामं सगळ्यांनाच होती.

तो अजून माझ्याकडेच बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर बस गेली असती. मी बोलले नाही. माझ्याच पत्रकातली ओळ मला अशी चिकटली होती की मी दुसरीच वाट शोधू लागले, आणि ती मला सापडली. विज्ञान मंडळाच्या एका पत्रकात वाचलं होतं की सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात; कपाटातल्या नळ्यांचेही तेच.

मी आबांना सांगितलं, आजची पाळी उन्हातच घेऊ.

"छापेल शे का?"

"हो. तुम्हीच जुळवलं होतं."

"मंग ठीक शे."

दहाला मी त्यांना बसच्या मागे, बाभळीपलीकडच्या पडीक शेतात नेलं. त्यांनी सदरा काढला, धोतर वर खोचलं, काळा चष्मा लावला आणि दगडावर बसले. मी पाठ फिरवून उभी राहिले. ट्रकचा क्लीनर हसला, "आबा, हळद लागनी का?" आबाही हसले. मला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. घोषणा द्यायला जायचे, परत यायचे, घड्याळ बघायचे. असा पाऊण तास गेला. कपाटात त्यांना काही मिनिटंच ठेवत.

दुसऱ्या दिवशी अंग लाल झालं. तिसऱ्या दिवशी फोड आले. पाठ टेकवेना, धोतर सहन होईना.

"मशीनमध्ये आम्ही उजेड मोजून देतो," डॉक्टर म्हणाले. "उन्हाला मोजमाप आहे का? कोणी सांगितलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "माझं मीच केलं, साहेब."

कातडी भरून येईपर्यंत उजेड बंद. ते सारे आठवडे मी रोज सकाळी त्यांच्या कमरेवरचा चट्टा बघत होते. तो वाढला, असं मला रोज वाटायचं. खरंच वाढला की नाही, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

फोड सुकले तेव्हा मी एक पत्रक लिहिलं. गोळ्या घेऊन उन्हात बसू नका, मशीनचा उजेड आणि ऊन एक नाही, आजार कपड्याखाली असतो म्हणून गाडी अडवताना आत कोणी आजारी आहे का, ते आंदोलकांनी आधी विचारावं. शेवटी चार ओळी होत्या: हे मी माझ्या वडिलांना करायला लावलं, बस सोडणं माझ्या हातात होतं, मी सोडली नाही.

आबांनी कच्ची प्रत आणून दिली. त्या चार ओळी नव्हत्या.

"जागा नही," ते म्हणाले, आणि पाठ न टेकवता खाटेच्या कडेवर बसले.

मी कागद उजेडात धरला. खालचा सगळा भाग कोरा होता.