सांगून ठेवलेली कोळंबी

आमच्यात मासळी पुरुष धरतात आणि बायका विकतात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कोपरीपासून वसईपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात जा, याला अपवाद दिसायचा नाही. पुरुषाने पाटी होडीतून काठावर उतरवली की त्याचं काम संपलं. पुढे ती पाटी बायकोच्या डोक्यावर जाते. गिऱ्हाइकाशी भांडण तिचं आणि कनवटीला पैसेही तिचेच. बाजारात पुरुष कोळी दिसलाच तर तो दारूचा गुत्ता शोधत असतो, नाहीतर बायकोला. मी मात्र ऐन विशीत मासळीच्या ओट्यावर जाऊन बसलो, आणि तेही दुसऱ्याच्या.

त्याला कारण झालं ते असं. एका वैशाखात खाडीच्या तोंडाशी वावटळीने आमची होडी उलटवली. होडीत मी आणि बाप, दोघेच. मी वल्ह्याला धरून राहिलो, बापाच्या हाताला काही लागलं नाही. पुढे त्याचं प्रेत उरणच्या बाजूला मिळालं. मी वाचलो याचा आनंद आईशिवाय कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही, आणि तिचाही फार दिवस टिकला नाही. तिने त्यानंतर पाटी उचलली नाही की काठावर पाऊल टाकलं नाही. "त्या पान्यातली मासली माज्या डोक्यावर नको," एवढंच ती म्हणाली आणि दाराआड बसली ती बसलीच.

बापाला पाण्यात सोडून एकटा परत आलेल्या मुलाला आमच्याकडे अपशकुनी समजतात. त्याला होडीवर घ्यायला कुणी तयार होत नाही. माझ्या काकांची मोठी होडी होती, डोल जाळं होतं, हाताखाली माणसं होती. बाप गेल्यावर काकांनी मला जवळ घेतलं, पण होडीत घेतलं नाही.

"वरीस सरू दे," ते म्हणाले. "फुडल्या नारली पुनवेला येशील माज्या होरीवर. तवर लोकांची तोंडं बी गप होतील."

तेव्हापासून माझ्या आयुष्यात एकच गोष्ट उरली होती, ती फुडली नारळी पौर्णिमा. बाकी सगळं मी तिच्या अलीकडचं म्हणून सहन करत होतो.

पोटाला मात्र पौर्णिमेपर्यंत थांबता येत नाही. त्याच सुमारास म्युनिसिपालिटीने स्टेशनापलीकडे कौलारू छपराचा नवा बाजार बांधला होता. आत दगडी ओटे, मधून पाणी वाहून जायला पन्हळ, दाराला कुलूप. मासळीच्या ओट्यांचा मक्ता एका शेठने घेतला. शेठ मासळी खात नव्हता, शिवत नव्हता, कानात अत्तराचा फाया घालून दाराशी खुर्ची टाकून बसायचा. त्याला पाटीवर खडूने भाव लिहील आणि काटा नीट धरील असा माणूस हवा होता. मी सरकारी शाळेत तिसरीपर्यंत गेलो होतो. त्या वेळी बाप म्हणायचा, मासळीला वाचता येत नाही, तू शिकून कुणाला वाचून दाखवणार? शेठला ते शिक्षण पुरेसं वाटलं.

पहिल्या दिवशी मी बाजाराच्या दारात पोचलो तेव्हा बाहेर रस्त्याकडेला कोळणी पाट्या मांडून बसल्या होत्या. आत ओटा घेण्याइतकी कुणाची ऐपत नव्हती. त्यातली एक म्हातारी माझ्या आईची मैत्रीण. मला ती लहानपणापासून ओळखायची, मी तिला मावशी म्हणायचो. तिने मला आत जाताना पाहिलं आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "आली गो, शेटची नवी सून आली." सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण न हसणं त्याहून वाईट दिसलं असतं. कान मात्र दिवसभर तापलेले होते.

काम शिकायला अवघड नव्हतं, आणि हेच मला आवडलं नाही. सकाळच्या गाडीने मुंबईहून लाकडाच्या भुसात दाबलेला बर्फ यायचा. तो फोडायचा, ओट्यावर पसरायचा, वर मासळी मांडायची. जन्मभर मी मासळी उड्या मारताना पाहिलेली. इथे ती बर्फावर गप पडून असायची आणि तिच्या बाजूला मीही. बर्फाने बोटं सुन्न व्हायची, मग विळीवर बोट कापलं तरी कळायचं नाही, रक्त दिसल्यावर कळायचं. भाव एकच, पाटीवर लिहिलेला. घासाघीस नाही. हे गिऱ्हाइकांनाही रुचलं नव्हतं. भांडल्याशिवाय घेतलेला मासा गोड लागत नाही असं एका बाईने मला तोंडावर सांगितलं आणि ती बाहेर मावशीकडे जाऊन मनसोक्त भांडून आली.

शेठची एक शिकवण मात्र त्याच्या सगळ्या अत्तरापेक्षा उग्र होती. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. ओट्यावर पापलेट नसेल तर "उद्या येईल, तुमच्यासाठी बाजूला ठेवतो" असं म्हणायचं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

"शेठ, अजून पाण्यात असलेली मासळी कशी सांगून ठेवायची?"

"पाण्यात आहे ना? मग येईल," शेठ म्हणाला.

काटा का आला ते सांगायला हवं. आमच्याकडे निघत्या होडीपुढे मासळीचं नाव घेत नाहीत. काय आणाल, किती आणाल, अमुक आणा असं कुणी विचारत नाही, अगदी घरची बाईसुद्धा नाही. ती पाटी घेऊन काठावर येते ती होडी परतल्यावर. बाप म्हणायचा, खाडीला काय द्यायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. तिच्या हातातलं आपण आधीच मागितलं की ती मूठ मिटते. कुणी चुकून बोललंच तर होडी त्या ओहोटीला सुटत नाही. जाळं उतरवतात, माणसं घरी जातात. हे मी दूधपित्या वयापासून ऐकत आलो होतो. बाहेर बसणाऱ्या बायकाही जे आलं ते विकायच्या, उद्याचं बोलायच्या नाहीत. फक्त मी बोलायचो, शेठच्या पगारावर.

सुरुवातीला ते वाक्य माझ्या घशात अडकायचं. मग अडकेनासं झालं. माणसाला कशाचीही सवय होते, असं लोक समाधानाने म्हणतात; मला त्यात समाधान वाटण्यासारखं काही दिसत नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. मावशीने मला सून म्हणायचं सोडलं आणि खवले कसे झटकन काढायचे ते दाखवलं. ती चांगलं वागायला लागली तेव्हा मी जास्त घाबरलो. आपण इथे मुरत चाललो आहोत हे मला तिच्या वागण्यातून कळलं. घरी आल्यावर मी हात राखेने घासायचो. खाडीचा वास जाऊ नये आणि बर्फातल्या मासळीचा जावा अशी माझी इच्छा होती. घडायचं नेमकं उलटं.

माझ्या गिऱ्हाइकांत जिल्हा कचेरीतून पेन्शनीत निघालेले एक शिरस्तेदार होते. उंच, कोरडे, पागोटं नेहमी सरळ. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. पिशवी उपरण्याखाली धरून ते रोज यायचे, श्रावणातसुद्धा. "आमच्याकडे श्रावण सुना पाळतात," ते म्हणायचे, "तेवढा घराण्याला पुरतो." पावसाळ्यात मोठ्या होड्या काठावर ओढलेल्या असतात, ओट्यावर खाडीची बोय आणि शिंगाळी सोडून काही नसतं. रावसाहेबांचा जीव मोठ्या कोळंबीसाठी कासावीस व्हायचा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की उद्यापासून मी ओट्यावर नसेन, काकांच्या होडीवर जाणार आहे.

"उत्तम," ते म्हणाले. "मग तर पहिली कोळंबी माझीच. लक्षात ठेवशील ना?"

"सांगून ठेवली समजा, रावसाहेब," मी म्हणालो. शेठलाही मी निरोप घेताना सांगितलं की आता येणार नाही. तो रागावला नाही. "ओटा कुठे जातोय," एवढंच म्हणाला.

पौर्णिमेला आई काठावर आली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने मला घरीच बापाची लाल टोपी दिली होती, आणि पेटीतून काढलेला त्याचा रुमाल कमरेला बांधायला लावला होता. तिने होडीला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. काकांनी नारळ पाण्यात सोडला. खाडी काठोकाठ भरलेली होती, सगळ्या होड्या रंगवलेल्या, आणि मला आठवतं, मी त्या वेळी सुखी होतो. पुढे आयुष्यात कधी सुखी होतो का असं कुणी विचारलं तर मी तोच दिवस सांगतो, अर्धा.

ओहोटी लागली. बायका रिवाजाप्रमाणे बोलायच्या थांबल्या. एकेक होडी सुटायला लागली. आमच्या होडीला खांदा लावून मी छातीभर पाण्यात उभा होतो. काका सुकाणूवर. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे ये वर. मी कडेला हात घातला, एक पाय आत टाकला, आणि सहज, रोज म्हणतो तसं म्हणालो, "काका, पयली मोटी कोलंबी बाजूला ठेवू हां. गिराइकाला सांगून ठेवलीय."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. शीड ओढणाऱ्याचे हात तिथेच थांबले. मी काय बोललो ते मला इतरांच्या तोंडाकडे पाहून कळलं. काकांनी सुकाणूवरून हात काढला आणि तो बराच वेळ धोतराला पुसत राहिले. मग त्यांनी शीड उतरवायला सांगितलं. माणसं एकेक करून पाण्यात उतरली. माझ्या अंगावरून जाताना कुणी मला धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. मला टाळून, जरा लांबून गेली. जाळं परत काठावर आलं. बाकीच्या होड्या तोवर वळणापलीकडे गेल्या होत्या. सबंध कोळीवाड्याची एकच होडी राहिली, आमची.

मी काकांच्या पायांशी वाकलो. त्यांनी मला धरून उभं केलं.

"तुजा दोष नाय," ते म्हणाले. "तू बाजारचा झालास. जा आता, तुजं गिराईक खोलंबलं असंल."

आवाजात राग असता तर मी आशा ठेवली असती. रागावलेला माणूस निवळतो. काका माझ्याशी फार मायेने बोलत होते, आणि तेवढ्याने मला कळलं की ही होडी मला पुन्हा कधी मिळणार नाही. दुसरी तर नाहीच नाही. आधी बाप खाल्लेला आणि आता नारळी पौर्णिमेची होडी परतवलेला माणूस कोण घेणार? इतकी वर्षं झाली, मी त्यांना दोष देऊ शकलेलो नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

आई ताट हातात घेऊन उभी होती. निरांजन अजून जळत होतं. तिने ते पदराने विझवलं, माझ्या डोक्यावरची तिरकी झालेली टोपी सरळ केली आणि म्हणाली, "नारलीभात केलाय. दोन घास खाऊन जा."

कुठे जा, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी जाऊन मी भात खाल्ला. गोड होता, एवढं आठवतं. मग ओल्या रुमालावरच धोतर गुंडाळलं, रूळ ओलांडले आणि बाजारात गेलो. बाहेर मावशी बसली होती. बातमी माझ्या आधी पोचलेली असावी, कारण तिने मान वर केली नाही, फक्त माझ्यासाठी वाटेतली पाटी जरा बाजूला सरकवली. शेठने खुर्चीवरूनच ओट्याकडे हात केला. ओट्यावर बर्फ वितळून पाणी पन्हळीतून चाललं होतं. मी टोपी काढून बर्फाच्या पेटीमागे ठेवली आणि भुसा झटकायला घेतला.

थोड्या वेळाने रावसाहेब आले. मला पाहून जरा चकित झाले, पण सुखावलेही.

"अरे, तू इथेच का? बरं झालं. होड्या सुटल्या म्हणे. मग माझ्या कोळंबीचं काय?"

मी काटा पुसला, पाटीवर आजची तिथी लिहिली.

"येईल, रावसाहेब," मी म्हणालो. "उद्या येईल. तुमच्यासाठी बाजूला ठेवतो."