फ्रिजशेजारची जागा

राजनंदिनीचा पहिला दात आधी ऐकू आला, मग दिसला. मऊ भात भरवताना स्टीलच्या चमच्यावर टक् असं वाजलं आणि अनुजाचं काळीज सुपाएवढं झालं. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली लेक. तिनं बोटानं लेकीचा खालचा ओठ ओढून पाहिलं, हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं डोकावत होतं. तिनं लेकीचे चार-पाच मुके घेतले आणि लगेच मोबाइल उचलला. फोटो काढला, स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'आमच्या राजीचा पहिला दात.'

ते स्टेटस कुणाकुणाला दिसावं याच्या यादीत एकच नाव होतं. मोनाआक्का.

मग ती उरलेला भात भरवत वाट बघत बसली. चार मिनिटांत मोनानं पाहिल्याची खूण आली. बघ, अनुजा मनात म्हणाली, बघ आणि जळ.

मोना म्हणजे तिची थोरली जाऊ. आता गडहिंग्लजला राहायची, एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. पण नऊ वर्षांपूर्वी हे सगळं घर मंगळवार पेठेत एकत्र होतं आणि त्या घरात मोनाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिच्या पृथ्वीराजचं बोरन्हाण याच बाहेरच्या खोलीत झालं होतं. लहान लेकराची पहिली संक्रांत आली की त्याला काळं झबलं घालायचं, हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं, बायकांनी ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचे. एवढा गोड सण दुसरा नाही, आणि त्यातले दागिने करावेत तर अनुजानंच, असं अख्खी पेठ म्हणायची. तो तिचा धंदाच होता.

हलवा करणं येरागबाळ्याचं काम नाही. मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. थंडी कोरडी असेल तरच काटा फुटतो. घाई केली की गोळा होतो. पृथ्वीराजसाठी अनुजानं तीन दिवस परातीपुढं मांडी मोडली नव्हती. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हातात धरायला बासरी. बोटांची टोकं भाजून लाल झाली होती. सगळं तबकात मांडून ती स्वतःच बाळाला घालायला निघाली, तेव्हा मोनानं तबक तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू जरा आत थांब," मोना म्हणाली होती, भरल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे लेकुरवाळ्या बायकांचं काम हाय. वाईट वाटून घिऊ नगंस."

अनुजा आत गेली आणि फ्रिजशेजारी उभी राहिली. तिथं बसायला काही नव्हतं. बाहेर गाणी झाली, ओवाळणं झालं, पोरांचा दंगा झाला. पाऊण तास ती फ्रिजचा आवाज ऐकत उभी होती. सासूबाई, झुंबरबाई, मध्ये एकदा पाणी प्यायला आत आल्या, तिच्याकडे बघितलं, पाणी प्यायल्या आणि बाहेर गेल्या. त्या दिवशी अनुजाच्या मनात जे पेटलं ते नंतर विझलं नाही. तिनं ते विझू दिलंच नाही.

म्हणून राजी झाल्यावर तिच्या आनंदाला सुरुवातीपासूनच तिखट लागलेलं होतं. पाडव्याला पंधरा दिवसांच्या राजीच्या गळ्यात साखरेची गाठी घातली, ती मोनाला दाखवली. आषाढात राजी पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा मोबाइल दुसऱ्या खोलीत होता. अनुजा धावत जाऊन घेऊन आली आणि बिचाऱ्या पोरीला उताणी करून पुन्हा पालथी पडायला लावलं. पोर रडकुंडीला आली, पण स्टेटस पडलं. गौरी-गणपतीत मोदकाची पारी चाटली, ते दाखवलं. दसऱ्याला मुठीत दिलेलं आपट्याचं पान तिनं थेट तोंडात घातलं, तेही दाखवलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटण्यानं माखलेली राजी, देवघराकडे रांगत जाणारी राजी, झुंबरबाईंचा चष्मा ओढणारी राजी. सगळं एकट्या मोनासाठी. नवरा अमरसिंह बायकोला मोबाइलवर हसताना बघायचा आणि आपल्या कामाला लागायचा. लेकीच्या कौतुकानंच हसत असेल, असं त्याला वाटे. अर्धं खरंही होतं ते.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. दोन वर्षांपूर्वी मोनाचा नवरा विजयसिंह हृदयाच्या झटक्यानं गेला. अनुजा तेव्हा रडली, कारण थोरले दीर भले माणूस होते. पण तेरावं झाल्यावर परत येताना तिच्या मनात एक विचार सरळ येऊन बसला, आणि तिनं त्याला उठवलं नाही. आता मोनालाही कुणी ओवाळणीच्या ताटाजवळ येऊ देणार नाही. तेच घर, तोच रिवाज. राजी झाली, आणि मग फक्त दिवस ठरवायचा राहिला.

राजीच्या बोरन्हाणाला दिवस ठरला रथसप्तमीचा. राजीसाठी अनुजानं तिच्या आयुष्यातले सगळ्यात देखणे दागिने केले. वाळे, बिंदी, आणि गळ्यात हलव्याचा कोल्हापुरी साज, एकेक पान वेगळं वळवून. मोनाला तिनं स्वतः फोन केला. "आक्का, तुमी यायलाच पायजे," असं तीन वेळा म्हणाली. आदल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं. फ्रिजशेजारी बसायला काही राहता कामा नये. वाक्य तर पाठच होतं. आक्का, तुमी जरा आत थांबा, वाईट वाटून घिऊ नका.

मोना सकाळच्या एसटीनं आली. कपाळ मोकळं, अंगावर फिकी साडी, हातात बोरांची पिशवी. तिनं राजीला लांबूनच पाहिलं, डोळे भरून पाहिलं, पण उचललं नाही. बायका जमल्या. राजी पाटावर बसून तबकातून ओढलेल्या कमरपट्ट्याचा एकेक दाणा तोडून चोखत होती. निरांजन लागलं. अनुजानं तोंड उघडायला म्हणून मागं वळून पाहिलं, तर मोना खोलीत नव्हती.

ती आपणहून आत गेली होती. फ्रिजशेजारी, बरोबर त्याच जागी, भिंतीला पाठ लावून उभी होती.

अनुजाला भयंकर राग आला. नऊ वर्षं घोटलेलं वाक्य असं फुकट जाऊ द्यायला ती तयार नव्हती. ती ताडताड आत गेली.

"का आलाय आत?"

"माझं तिथं काय काम?" मोना म्हणाली. "शुभाचं हाय. मी हितनं बघतो की. दिसतंय हितनं."

"व्हय. दिसतंय हितनं," अनुजा म्हणाली. "मला ठावं हाय."

मोना मान खाली घालून म्हणाली, "हितंच उभी केलती तुला म्या. ते मी इसरलो न्हाय, अनुजा. हे गेल्यावर तर रोज आठवतंय. बारसं असू दे न्हाईतर लगीन, मला कुणी ताटाजवळ येऊ देत न्हाईत आता. आणि तू, जिला म्या असं केलं, ती मला एकटीला समदं दाखवतीस."

"एकटीला, हे कुणी सांगितलं तुमास्नी?" अनुजानं विचारलं.

"मी अमरभाऊजींना म्हटलं, राजीचा दात स्टेटसला लई ग्वाड दिसतोय. ते म्हणाले, कुठलं स्टेटस, आमास्नी तर काय दिसत न्हाय. तवा कळलं मला, तू फकस्त मलाच पाठवतीस." मोनानं पदरानं नाक पुसलं. "सकाळी उठलं की आधी ते बघतो आणि मग कामाला जातो. वरीस निघालं माझं त्याच्यावर. मला वाटलंच न्हवतं तू मला माफ करशील."

अनुजाच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. माफ? तू जळावंस म्हणून दाखवत होते. एवढंच म्हटलं असतं की मोना जागच्या जागी कोसळली असती. नऊ वर्षं जे हवं होतं ते हातभर अंतरावर होतं. अनुजा त्या कोसळणाऱ्या तोंडाकडे आधीच बघू लागली होती, आणि तिला ते तोंड ओळखीचं वाटलं. याच फ्रिजच्या चकचकीत दारात तिनं ते पाऊण तास पाहिलं होतं.

बाहेरून झुंबरबाई ओरडल्या, "अनुजा, सवाष्णी खोळंबल्यात. तिला ऱ्हाऊ दे आत, तू ये."

तो आवाज ऐकला आणि अनुजाचा राग एकदम जागा बदलून गेला. तिला राहू दे आत. म्हणजे मलाही तेव्हा आत राहू दिलं होतं ते बरोबरच होतं तर. आज हिला इथं ठेवली तर त्या दिवशी मला इथं ठेवणाऱ्यांवर मीच शिक्का मारला. तिनं मोनाचं मनगट धरलं, चांगलं करकचून धरलं, आणि तिला ओढत बाहेर आणलं. भरल्या खोलीत तिनं तबक मोनाच्या हातात दिलं.

"दागिने थोरली काकी घालणार. ओवाळणार बी पयलं तीच."

"अगं पर ती…" झुंबरबाई उठल्या.

"आत्या, मी आत हुतो तवा तुमी पाणी पिऊन गप बाहेर आलाता," अनुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेला. "आता बी तेवढंच करा. माठ तिकडं हाय."

झुंबरबाई खाली बसल्या. बायकांपैकी कुणी मान वर केली नाही, आणि अनुजाला ते फार बरं वाटलं. मोनानं राजीच्या गळ्यात साज घातला तेव्हा त्याची दोन पानं गळून पडली. राजीनं त्यातलं एक उचललं, चाखलं आणि ओलं झालेलं तेच मोनाच्या ओठाला लावलं. मग बोरं ओतली गेली, पोरं तुटून पडली, राजी दचकली आणि जवळ बसलेल्या मोनाच्या मांडीवर चढली. अनुजानं फोटो काढला.

संध्याकाळी मोना एसटीत बसल्यावर अनुजानं तो फोटो स्टेटसला टाकायला घेतला. आता कशाला एकटीलाच, सगळ्यांना दिसू दे, असं तिला वाटलं. पण मग हे सगळ्यांनाच दिसतं असं मोनाला दुसऱ्या कुणाकडून कळेल, आणि तिला वाटेल की आपणही आता अनुजाला इतरांसारख्याच झालो. अनुजानं यादीतलं ते एकच नाव तसंच ठेवलं.

माफ तिनं आजही केलेलं नव्हतं. पण ते आता ती मोनाला कधीच सांगू शकणार नव्हती. उद्या राजी पहिलं पाऊल टाकेल, तेही रोजच्यासारखं पाठवावं लागेल, वेळेवर, कामाला निघायच्या आत.