मांजरांनी पसंत केलेला कुत्रा

माझे वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा घरात तीन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हजर होते आणि तिघांनीही ती गोष्ट अजिबात मनावर घेतली नाही.

हे तिघे म्हणजे सुभेदार, चिंगी आणि ठकी. माझ्या आईची मांजरं. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भिंगारच्या घरात आण्णा आणि ही तीन मांजरं एवढेच उरले होते. मी आणि माझी बायको मनीषा नगरला, फ्लॅटमध्ये. तसं बघितलं तर रिक्षानं जाऊन यावं इतकंच अंतर. पण सेकंड शिफ्ट, ओव्हरटाइम आणि रविवारची झोप या तिघांनी मिळून ते पुण्याइतकं लांबवलं होतं.

आण्णा पडले सकाळी. शेजारच्या कांबळेमावशी कढीपत्ता न्यायला मागच्या दारानं आल्या तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. मधला सगळा वेळ आण्णा ओल्या फरशीवर पडून होते. मोबाईल देवघराच्या खुंटीला! (चार्जिंग जपून वापरावं म्हणून ते तो बंद करून टांगतात.) मनगट मोडलं होतं, बरगडीला मार होता. मी दवाखान्यात पोचलो तर मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "संजू, तो सुभेदार त्यांच्या छातीशी बसून पंजा चाटत हुता बघ. एकदा तरी ओरडावं की मेल्यानं!"

"ओरडून काय करणार?" कॉटवरून आण्णा म्हणाले. "सोबत बसून होता. तेवढं पुष्कळ झालं."

यातली 'सोबत' मला बरोबर लागली. पण मी नोकरीला एमआयडीसीत, क्वालिटी चेकिंगला. दिवसभर समोर येणाऱ्या वस्तूला पास किंवा फेल म्हणायचं एवढंच काम. त्यामुळे वाईट वाटलं तरी मी आधी उपाय शोधतो.

पहिला उपाय म्हणजे आण्णांनी आमच्याकडे राहायला येणं.

"आणि मांजरं?" आण्णा.

"सोसायटीत चालत नाहीत, आण्णा."

"मग मीपण चालत नाही."

विषय संपला. आई होती तोवर हेच आण्णा मांजरांना 'तुझी जनावरं' म्हणायचे आणि सुभेदार खुर्चीत बसला की वर्तमानपत्राची सुरळी घेऊन उठायचे. आता स्वतःच्या चहाआधी त्याचं दूध. बाकी कुणाशी बोलणं जवळजवळ बंद. फोन केला की "हं", "बरं", "ठेवू?" एवढाच कार्यक्रम.

तेव्हा दुसरा उपाय मनीषाला सुचला. "कुत्रा आणू या. ते पडले-झडले तर निदान भुंकेल तरी. गल्लीला कळेल."

मला एकदम पटलं! आण्णांपुढे ठेवलं. त्यांनी प्लॅस्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "आण. पण तिनं वाढवलीत ही पोरं. यातल्या एकाच्याही अंगाला दात लागला, तर त्या कुत्र्याला आणि तुला एकाच रिक्षात बसवून देईन."

तर असा माल हवा होता: माणूस पडलं की भुंकणारा आणि मांजर दिसलं की न भुंकणारा. वरवर सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिला उमेदवार कंपनीतल्या मित्राचा टायगर. आवाज असा, की त्यानं गेटवर पहिली डरकाळी फोडली आणि गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानदारानं शटर अर्धं ओढलं. मी लगेच मनातल्या मनात पासचा शिक्का मारला. तेवढ्यात त्याला ठकी दिसली. पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण मी कुंड्यांमध्ये पडलो होतो. उठलो तेव्हा तिन्ही मांजरं माळ्यावर, टायगर खाली आणि साखळी माझ्या पायात.

"होतील ओळखीचे. दोन दिवस राहू द्या," मी म्हणालो आणि शिफ्टला गेलो.

मांजरं माळ्यावरून उतरलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, "अरे, तुजे वडील एका हातानं स्टुलावर चढून त्या मांजरांना दूध देत्यात! मी धरलंय स्टूल, पन मला तरी कोन धरनार?" म्हणजे पडल्यावर भुंकावं म्हणून आणलेल्या कुत्र्यानं आण्णांना पाडायचीच सोय केली होती. टायगरला मी स्वतः परत पोचवलं. रिक्षात आम्ही दोघंच होतो. आण्णांच्या वाक्याची आठवण होऊन मी बाहेर बघत बसलो.

दुसरा उमेदवार मोती. भिंगारच्या बाजारातल्या एका कापड दुकानदाराचा, पांढरा, गुबगुबीत आणि स्वभावानं रिटायर. चिंगी त्याच्या ताटलीत जेवली. ठकीनं त्याच्या शेपटीशी खेळून घेतलं. सुभेदार तर तासाभरात त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपला. आण्णा कितीतरी दिवसांनी हसले! म्हणाले, "हा चालेल."

पण मी पडलो क्वालिटीचा माणूस. अर्धी तपासणी करून माल पास करणं आमच्यात बसत नाही. मोती आल्यापासून एकदाही भुंकला नव्हता. मी त्याला हाक मारली, हुसकावलं, त्याच्यासमोर ताट आपटलं. तो माझ्याकडे सहानुभूतीनं बघायचा. मग मी ठरवलं, प्रत्यक्ष चाचणी घ्यायची.

रविवारी आण्णा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी न्हाणीघरात गेलो, फरशीवर आडवा झालो आणि "आई गं…" म्हणून हळूच कण्हलो. मोती आला. त्यानं माझं तोंड हुंगलं, एक जांभई दिली आणि माझ्या कुशीत झोपून गेला. मागोमाग सुभेदार येऊन पंजा चाटायला बसला. मी जोरात कण्हलो. मोती घोरायला लागला. मी आणखी जोरात कण्हलो.

नेमक्या त्याच वेळी मागच्या दारानं कांबळेमावशी आल्या.

"अगं बाई गंऽऽ! पोरगंबी गेलं!"

मी दचकून उठायला गेलो, पण पायाखाली साबण होता, म्हणून खरंच पडलो. मावशींच्या ओरडण्यानं निम्मी गल्ली मागच्या अंगणात जमली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणला, एकानं छाती दाबायला सुरुवात केली. मी "काही नाही, काही नाही, कुत्र्याची टेस्ट चालली होती" असं ओरडत होतो, आणि त्यावरून डोक्यालाही मार लागलाय असा सगळ्यांचा समज झाला.

मग गर्दी बाजूला झाली आणि दारात आण्णा दिसले. भिंतीला धरून आले होते. चेहरा पांढराफटक. मला उठून बसलेला बघितल्यावर ते तिथंच उंबऱ्यावर बसले.

आई त्याच घरात, स्वयंपाकघरात, अशीच पडली होती. तेव्हाही आण्णा पुढच्या खोलीत पेपरच वाचत होते. हे मला ठाऊक होतं. फरशीवर आडवं होताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, बस.

"संजू," ते म्हणाले, "एकदा बघितलंय मी. परत दाखवू नको."

मावशी कढीपत्ता न घेताच गेल्या. मोतीला मी संध्याकाळी दुकानात सोडून आलो. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला त्याच्याकडे बघवेना.

ही हकिगत नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. मिरजगावहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ. हायवेपासून आत त्यांची वस्ती, शेती.

"आरं, आमच्याकडं वाघ्या हाय की! कोंबड्यांत वाढलाय, मांजरांत वाढलाय. कुनाला दात लावत न्हाई. आन् भुकतो म्हनशील तर परका मानूस बांदावर यायचा आवकाश! घेऊन जा. फकस्त वहिनीच्या वर्साच्या आत उरकून टाक, न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागंल."

"तात्या, तो नियम लग्नाला असतो."

"घरात नवीन जीव यायचा तर कार्यच हाय ते!"

मागून काकूंचा आवाज आला, "आन् कुत्रं तिकडं न्यायचं न्हाई हां आधी. परक्या घरी ते बी बावरतं, मांजरं बी बावरत्यात. तुमचीच पोरं घेऊन या, स्थळ बघून जावा. पसंत पडलं तरच पुढचं!"

माणूस एकदा तोंडावर पडला की त्याला कुणाचंही म्हणणं शास्त्रशुद्ध वाटतं. मला तर हे अगदी बिनतोड वाटलं. आणि आण्णा चक्क तयार झाले! आई गेल्यापासून ते गावी गेले नव्हते.

अशा रीतीनं आम्ही तीन मांजरं घेऊन कुत्रा बघायला निघालो. ओळखीच्या माणसाचा छोटा टेम्पो. चिंगी आणि ठकी टोमॅटोच्या क्रेटमध्ये, वर दुसरं क्रेट उपडं घालून सुतळीनं बांधलेलं. सुभेदार कापडी पिशवीत, फक्त डोकं बाहेर, आण्णांच्या मांडीवर. मनीषानं पेढे घेतले होते. (कुणासाठी, हे मी विचारलं नाही.) हायवेला लागल्यापासून तिघांनी जो सूर धरला तो मिरजगावपर्यंत सोडला नाही. ज्या घरासाठी आम्ही भुंकणारं जनावर शोधत होतो त्या घरातली मांजरं इतकी ओरडू शकतात, हे त्या दिवशी प्रथमच कळलं!

काकूंनी खरंच पोहे केले होते. अंगणात सतरंजी होती. वाघ्याला न्हाऊ घालून कडुनिंबाखाली बांधलं होतं आणि तो नवऱ्या मुलासारखा खाली मान घालून बसला होता. आण्णांनी पिशवीचं तोंड सोडलं. सुभेदार बाहेर आला, सरळ वाघ्यापाशी गेला, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाकावर एक सणसणीत चापट ठेवून दिली. वाघ्यानं मान बाजूला वळवली.

"पसंत!" तात्या ओरडले.

मी खूश होऊन टाळी वाजवली. अख्ख्या कार्यक्रमात माझा सहभाग एवढाच, आणि तोच भोवला. टाळीसरशी सुभेदार उडाला, पोह्यांच्या ताटातून गेला, अंगण ओलांडलं आणि शेजारच्या उभ्या ज्वारीत दिसेनासा झाला. ज्वारीच्या पलीकडे हायवे. ट्रकचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता.

सगळे पळालो. तात्या एका बाजूनं, मनीषा दुसऱ्या, मी ज्वारीत. पानांनी तोंड कापलं. माझ्या "सुभेदाऽऽर!" या हाकेला रस्त्यावरून जाणाऱ्या एका मिशीवाल्या गृहस्थांनी गाडी थांबवून ओ दिली. मांजर कुठंच नाही. दिवस कलायला लागला. बांधावर आण्णा उभे होते, हातात रिकामी पिशवी. आईनं वाढवलेल्या तिघांतला एक मी टाळी वाजवून घालवला होता.

मग आण्णांनी हाक मारली. नावानं नाही. आई ताटली वाजवून जशी बोलवायची तशी. "येऽ माझ्या राजाऽ, येऽ, दूऽऽध." आण्णांच्या तोंडून असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते हाक मारत होते आणि रडत होते. एकदा रडायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. आईच्या वेळीसुद्धा ते रडले नव्हते. तात्या जवळ जाऊन नुसते उभे राहिले.

तेवढ्यात लांबून वाघ्याचा आवाज आला. कुणीतरी त्याला सोडलं होतं. विहिरीजवळच्या बाभळीखाली उभा राहून तो वर बघून एकसारखा भुंकत होता, आणि शेंड्याला सुभेदार!

म्हणजे संकट आलं की भुंकतो, मांजराला दात लावत नाही. दोन्ही कसोट्यांना पास!

पण सुभेदार काही केल्या खाली येईना. आण्णा बाभळीखाली घोंगडी टाकून बसले. "तुम्ही जावा," ते म्हणाले, "तुझी सकाळची शिफ्ट असेल. हा उतरला की येतो."

सुभेदार उतरला, असा दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. वाघ्याजवळच झोपलाय म्हणाले. आण्णा मात्र आले नाहीत. आधी म्हणाले, मांजर दमलंय. मग म्हणाले, चिंगीला इथं करमतंय. मग मनगटाचं प्लॅस्टर मिरजगावातच काढलं आणि मला नंतर कळवलं. भिंगारच्या घराला कुलूप आहे. कुत्रा आणायला गेलेला मी, तीन मांजरं आणि एक वडील तिकडेच देऊन आलो.

वाईट झालं असं नाही. आण्णा आता फोनवर बोलतात. तुरीबद्दल, सुभेदाराबद्दल, कधीकधी आईबद्दलही. गेल्या रविवारी झोप सोडून मी भेटायला गेलो. बांधावर पाय ठेवला मात्र, वाघ्या दात काढून असा अंगावर आला की मी पेढ्यांच्या बॉक्ससकट बाभळीला पाठ लावून उभा! त्याच्या मागं सुभेदार, चिंगी, ठकी रांगेनं बसून बघत होती.

आतून काकूंचा घाबरा आवाज आला, "आवं, भावजी पडलं का काय, बघा! कुत्रं लई भुकतंय!"

"न्हाई, न्हाई," तात्या ओट्यावरून ओरडले, "पडलं न्हाई कुनी. पोरगं आलंय त्यांचं!"

आण्णा सावकाश बाहेर आले. वाघ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याचा काही दोष नाही रे. ओळखच नाही त्याला तुझी. येत जा की अधूनमधून."

मी हो म्हणालो. झाडाला चिकटूनच म्हणालो. इतकी पारख करून, इतक्या चाचण्या घेऊन आण्णांसाठी मी कुत्रा मात्र अगदी चोख निवडला: घरावर काही आपत्ती यायची असली, की तो ती बांधावरच अडवतो.