मातीत पुरलेला शेंडा

परवा सुनेने बेरीच्या जॅमची बाटली उघडली आणि त्या आंबटगोड वासाने मला पंधरा वर्षांपूर्वीच्या आमच्या डोंगरातल्या पाड्यावर, सूर्यमाळला नेलं.

रासबेरी आणि ब्लॅकबेरीच्या संकराचं एक काटेरी रोप भावाने नाशिकच्या नर्सरीतून आणून दिलं होतं. उन्हाळ्यात दरीतून हंडा आणावा लागे, तरी त्याला रोज तांब्याभर पाणी घालायचेच. तिसऱ्या वर्षी जांभळट लाल फळं धरली. फांदीचा शेंडा मातीत पुरला की नवं रोप होतं, हे मी फक्त शेजारच्या यमुनाला दाखवलं आणि तसं झालेलं रोपही तिलाच दिलं. जिवाभावाची होती ती.

पुढच्या हिवाळ्यात जव्हारच्या शेती प्रदर्शनात ती टेबलामागे दिसली. पुढ्यात पिशव्यांत लावलेली तीच रोपं.

"लय धडपडले साहेब, तवा जगली," ती शेतीखात्याच्या साहेबांना सांगत होती.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

"आमच्या पाड्यातली हाय. बघाया आलीय."

माझ्या तोंडून कसं कोण जाणे, "हो साहेब," एवढंच निघालं.

घरी येऊन मी कोयत्याने ते झाड मुळापासून तोडलं. यमुनाला शिक्षा केली, असं तेव्हा वाटलं होतं. तिच्याकडे तर अंगणभर रोपं होती. माझ्याकडे तेवढं एकच होतं.