आतोबांच्या मागचं यंत्र

काळजी करावी ती माझ्या आतोबांनीच. बाकी आपण सगळे त्या कामात नुसते हौशी. आत्या सांगायची, "लग्नात सात पावलं टाकताना यांची मान खाली. मला वाटलं, लाजतायत. तर हे मांडवातल्या फळीचा खिळा वर आलाय का, ते बघत होते!" मासवणला पाहुण्यांकडे निघाले की आतोबा एसटीत बरोबर ड्रायव्हरच्या मागे बसत आणि प्रत्येक वळणावर स्वतःचा उजवा पाय दाबत. उतरताना ड्रायव्हरला म्हणत, "बरी आणलीव गाडी. पण दमलो मी." घरात गॅस आला तेव्हा आठवडाभर त्यांनी ओटीवर अंथरूण घातलं, आणि तिथे विंचू येतील या धास्तीने झोपलेही नाहीत.

अशा माणसाने ट्रॅक्टर घ्यावा? घेतला. किनाऱ्यावरच्या त्यांच्या वाडीत मोठा ट्रॅक्टर वळला नसता, म्हणून छोटासा घेतला. आणि त्याच्या मागे जोडायला गवत कापायचं एक अवाढव्य यंत्र आणलं, तेही मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेलं. स्वतःच्या दोन चाकांवर ओढत न्यायचं, लोखंडी छपराखाली जाड पाती गरगर फिरणारं ते धूड बघून वाटे, बकरीच्या मागे म्हैस बांधली आहे. ते घेतलं बोईसरच्या कामासाठी. पाऊस संपला की कारखान्यांमागच्या माळावर छातीएवढं गवत वाळत उभं राहायचं. दिवाळीत एखादी ठिणगी पडली असती तर रसायनांच्या टाक्यांपर्यंत आग गेली असती. ठेकेदार आतोबांना बोलावून घ्यायचा.

या जोडीत एक खोड होती. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो, असं आपण समजतो. पण मागची जड पाती जोरात फिरत असली की तोच जोर मधल्या दांड्यातून उलटा पुढे येतो आणि ट्रॅक्टरला ढकलत राहतो. चालवणारा 'थांब' म्हणतो, यंत्र 'चल' म्हणतं. हे पहिल्याच दिवशी कळलं तेव्हापासून आतोबा बांध दिसण्याच्याही आधी थांबायला लागले. माळाच्या मध्यावर कुणीही नसताना ओरडत, "थांबतोय! थांबतोय रे!" जवळच्या कुंपणावरचे कावळेसुद्धा सावकाश उडत, त्यांना माहीत झालं होतं.

आणि यंत्र सुरू करण्याआधी थाळी. आत्याच्या स्वयंपाकघरातली पितळी थाळी वाजवत आतोबा सगळा माळ पायी तुडवत. "कोण हाय का? उठा! यंत्र येतंय! कौन है, उठो!" मग गवतातून इथे एक डोकं, तिथे एक डोकं वर यायचं, प्रत्येकाच्या हातात डबा. सरावली-सालवडच्या खोल्यांतले कामगार सकाळी दुसरीकडे जाणार कुठे? कारखान्याच्या भिंतीवर काचा लावायचं मालकांना सुचलं होतं. भिंतीबाहेर माणसं राहायला आली आहेत, त्यांना संडास लागेल, हे सुचलं नव्हतं. मी तेव्हा कारखान्यांच्या फाटकांवर कामगारांसाठी पत्रकं वाटत असे आणि त्यात हे लिहीत असे. आतोबा पत्रक काळजीपूर्वक वाचून म्हणत, "बरोबर लिवलंस. पण सही कशाला केलीस?"

एका सकाळी आतोबांनी मलाच थाळी दिली आणि स्वतः काठी घेऊन गवत चाचपत निघाले. ठेकेदार स्कूटरवर बसून बघत होता. "काका, गवत कापताय का गवताला प्रदक्षिणा घालताय?"

"माणसं असतात, शेठ."

"होती ती उठली की! आता कापा. संध्याकाळपर्यंत माळ मोकळा दिसला नाही तर उद्यापासून दुसरा माणूस आणतो."

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. "तिकडं बांधाकडं वाजवलीस ना?" वाजवली होती, जोरात. तरी ते स्वतः एक चक्कर मारून आले आणि मगच बसले. यंत्र घुमू लागलं. गवत आडवं पडत होतं, मी बाजूने चालत होतो. बांधाजवळच्या आंब्याकडे ट्रॅक्टर वळला आणि आतोबा ओरडले. नेहमीचं "थांबतोय" नव्हतं ते. नुसताच आवाज होता.

गवताच्या कडेला दोन रबरी चपला काढून ठेवलेल्या होत्या. शेजारी शेजारी, घराच्या दाराबाहेर ठेवाव्यात तशा.

आतोबांनी क्लच दाबला, ब्रेकवर उभेच राहिले. यंत्र ढकलतच होतं. मी धावलो, पण धावून काय करणार होतो? तेवढ्यात आतोबांनी स्टिअरिंगचं चाक पूर्ण फिरवलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं बांधावर चढली, मागचं धूड दगडावर आदळलं, दांड्याची खीळ तुटली आणि इंजिन बंद पडलं. यंत्राच्या कडेपासून हातभर अंतरावर गवत हललं. एक माणूस उठून बसला. कानांत कापसाचे बोळे. ते काढत त्याने विचारलं, "क्या हुआ, चाचा?"

आतोबा ट्रॅक्टरवरून उतरले. म्हणाले, "कुछ नाय. तुम... तुम इधर कायको सोया?"

"रातपाळी थी. कमरे में अभी दूसरे लोग सोते हैं. दोपहर में मेरा नंबर आता है."

ठेकेदार धावत आला आणि त्या माणसावरच खेकसला. "अरे, मरने का है क्या? भाग इधर से!" माणूस चपला उचलायला वाकला. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी आतोबांना कुणावर ओरडताना ऐकलं. "त्याला कशाला हाकलता? तो झोपलाय, चोरी नाय केली!" आणि लगेच स्वतःच दचकून, हळू आवाजात, "रागावू नका हां, शेठ."

दुपारी नवी खीळ घालून आतोबांनी उरलेला माळ कापला. बांधाजवळचा, खाटेएवढा तुकडा मात्र सोडला. आगीची भीती म्हणून त्याच्याभोवती रुंद पट्टा पुन्हा पुन्हा कापला, पार माती दिसेपर्यंत. ठेकेदार म्हणाला, "हे काय ठेवलंत?" आतोबा म्हणाले, "तिथं दगड हाय." पुढच्या वर्षी ठेकेदाराने खरंच दुसरा माणूस आणला. आतोबांनी यंत्र विकलं, ट्रॅक्टर वाडीत राहिला.

पण तो तुकडा सोडला त्या हिवाळ्यात ते उगाच बोईसरला यायचे. काही काम नसे. बांधाजवळ आले की सायकलवरून उतरत. मडगार्ड फार खडखडायचा, म्हणून सायकल खांद्यावर घेत आणि त्या तुकड्यापासून लांब जाईपर्यंत तशीच नेत. आत कोण झोपलंय, तोच का दुसरा कुणी, हे त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल. त्याचा नंबर दुपारी हाय."