दहा लाख एक

रस्त्यात उभ्या स्कूटरची नंबरप्लेट दिसली की सर थांबत. ओठ हलत, बोटं हवेत भागाकार मांडत, आणि मग “फुटला” म्हणून ते चालू लागत. कशानेच भाग गेला नाही, म्हणजे मूळ संख्या निघाली, तर स्वारी दिवसभर खुशीत. अशा माणसाबरोबर एकदा चालून बघा, म्हणजे मला क्लासला रोज उशीर का व्हायचा ते कळेल.

नव्वद सालाच्या आसपास शांती नगरातल्या एका गाळ्यात आमचे संध्याकाळचे क्लास चालत. मी मराठी शिकवायचो, सर गणित. जवळच्याच मोरवा गावातली नववीतली एक मुलगी त्यांची फार लाडकी. शाळांच्या गणित प्रदर्शनात तिला एक मोठी मूळ संख्या मांडायची होती. तिने निवडली दहा लाख एक.

“सर, ही पक्की मूळ हाय ना?”

सरांनी दोनपासून सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला. नियमाने वर्गमुळापर्यंत, म्हणजे हजारापर्यंत जायला हवं होतं, पण पुढची बॅच दारात चपला काढत होती.

“नाही फुटत. बिनधास्त सांग.”

प्रदर्शनात परीक्षकांनी हसत फळ्यावर लिहिलं, १०१ गुणिले ९९०१. सत्त्याण्णवनंतरची पहिलीच मूळ संख्या एकशे एक. अख्खा हॉल हसला, आणि मुलगी क्लासला यायची बंद झाली.

सर मला घेऊन मोरव्याला गेले. तिच्या वडिलांसमोर हात जोडून म्हणाले, “चूक माझी आहे, हिची नाही.”

वडील ओशाळले. “सर, तुमी कशाला माफी मागता? एक आकडाच हाय तो.”

तांदूळ निवडणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, “तुम्ही सांगितलंत, म्हणून मी भागून बघितलंच न्हाय.”

सरांचा चेहरा पाहवेना.

मुलीने पुढे आर्ट्स घेतलं. क्लासात कुणी संख्येबद्दल विचारलं की सर म्हणत, “मला नको विचारू, भागून बघ,” आणि त्याला हजारापर्यंत न्यायचे. पोरं जांभया द्यायची. “एका मुलीपायी सगळ्यांना शिक्षा करताय,” असं मी चिडवायचो. त्यांना हसू येत नसे. दर दिवाळीला ते मोरव्याला जाऊन येत आणि मला सांगत, “अजून रागावलीय रे.” हॉस्पिटलात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही हेच म्हणाले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मी बेव्हर्ली पार्कातल्या मेडिकलमध्ये औषधं घ्यायला गेलो, तर काउंटरमागे मोरव्याची ती मुलगी. सर गेल्याचं मी तिला सांगितलं.

“सर दर दिवाळीला विचारायचे, राग गेला का. तो पहिल्याच वर्षी गेला होता. पण गेला म्हटलं तर पुढच्या वर्षी येणार न्हाईत, असं वाटायचं. म्हणून मी न्हाय म्हणायचे.” तिने ओढणीने डोळे पुसले. “त्यांना कळलं असेल ना?”

“कळलं होतं,” मी म्हणालो, आणि औषधं न घेताच बाहेर पडलो.