राखेतला कोळसा

वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्यापासून थोडं आत, लोखंडी सळया बनवणारा एक कारखाना होता. सत्तरच्या दशकात मी त्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तुमची आई तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती.

कोळसा महागला होता. एक टन सळईमागे किती कोळसा लागतो आणि त्यातला किती वाया जातो, हे मालकांना कळायला हवं होतं. भट्टीत किती गेला ते काट्यावर कळायचं. वाया किती गेला ते मात्र राखेत शोधावं लागे. राख वाळवून, तोलून पुन्हा जाळायची. वजन घटेल तेवढा तिच्यात न जळलेला कोळसा. हे काम माझं.

राखेचा ढीग कारखान्याच्या मागे होता. शेजारच्या वस्तीतल्या बायका सकाळी तिथे घमेली घेऊन यायच्या आणि अर्धवट जळलेले तुकडे वेचायच्या. त्यांच्या शेगड्या त्यावरच पेटत. मी पिशवी घेऊन वाकले, तशी त्यातली एक वयस्कर बाई हसली.

"एवढी चांगली साडी नेसून कोळसा वेचाले आल्या? लाजता काहून वं बाई? इथं सगळ्याच चुलीपायी आल्या हायेत."

तिने आपल्या घमेल्यातले दोन चांगले तुकडे माझ्या पिशवीत टाकले. मी नुसती हसले. प्रयोगशाळेत आल्यावर ते बाजूला काढले, नाहीतर नमुना बिघडला असता.

ते काढूनही राखेत कोळसा भरपूर निघाला. भट्टीखालची जाळी झिजली होती आणि तिच्या फटींतून जळता कोळसा खाली गळत होता. साहेबांनी जाळी बदलली, भट्टीत हवाही बेताची सोडायला लावली. टनामागचा कोळसा खरोखर कमी झाला. ऑफिसात पेढे वाटले. "बाईंनी भट्टीला काटकसर शिकवली," असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मला ते फार आवडलं.

मग नव्या राखेचा नमुना घ्यायला मी मागे गेले. ढीग पांढुरका, पिठासारखा मऊ. दोघी-तिघीच उरल्या होत्या, चाळणीने राख चाळत. ती वयस्कर बाईही त्यांत होती.

"कोण्या शहाण्यानं भट्टी सुधारली म्हणे," ती म्हणाली. "त्याच्या घरी शेगडी नसन. आता लाकडं आणाले कुठं जावं?" मग माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "तुमचीबी पंचाईत झाली ना वं?"

घमेल्याच्या तळाशी बोराएवढे चार तुकडे होते. त्यातले दोन तिने माझ्या पिशवीत टाकले.

माझ्या घरी गॅस होता. तुकडे परत करायचे तर ते तिला सांगावं लागलं असतं, आणि मग तो शहाणा कोण तेही. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि आत गेले.